बिनगव्हाचं घर

नवी नवरी म्हणून मी या गावात आले, तेव्हा सासूने मला आधी चर्च दाखवलं नाही की झरा दाखवला नाही. शेजारच्या लाम्ब्रिनीच्या स्वयंपाकघरात नेऊन उभं केलं. "बघून घे," म्हणाली, "पोळी अशी लाटतात. पलीकडे प्रार्थनेचं पुस्तक धरलं तर वाचता आलं पाहिजे." तुमच्या घरात वाचता कुणाला येतं, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण पहिलाच दिवस होता, म्हणून गिळलं.

आमच्या डोंगरात बाईची अब्रू तिच्या पीतामध्ये असते. काडीसारख्या बारीक लाटण्याने पातळ पोळ्या लाटायच्या, त्यांचे थर रचायचे, मध्ये रानभाजी आणि बकरीचं चीज भरायचं, लोणी सोडायचं आणि निखाऱ्यांच्या झाकणाखाली भाजायचं. करतात सगळ्याच. पण लाम्ब्रिनीची पीता सुरीखाली कुरकुरली की भांडणारे पुरुषसुद्धा गप्प बसायचे. माझ्या पीताला माझी सासू कौल म्हणायची. छप्पर गळायला लागलं की उपयोगी पडेल, म्हणायची.

लाम्ब्रिनी उंच होती, हाडापेराने दणकट, आणि वरच्या ओठावर मिशीची रेघ. नवरा गेल्यापासून काळे कपडे अंगावर. कुणाला काय बोलेल याचा नेम नाही, पण घरी आलेल्या माणसाला उपाशी धाडणार नाही. आणि एका गोष्टीचा तिला भयंकर राग होता, तो म्हणजे मका.

युद्धात इटालियन आणि जर्मन आले, डोंगरातलं सगळं धान्य गेलं, तेव्हा ती लहान मुलगी होती. त्या हिवाळ्यांत मिळायची ती फक्त बोबोता, मक्याच्या पिठाची घट्ट पिवळी भाकर, तीही भुसा मिसळलेली. ती खात खात तिचे दोन धाकटे भाऊ गेले. पोटं फुगलेली, हातपाय काटक्यांसारखे. शांतता झाली, गहू परत आला, आणि लाम्ब्रिनीने शपथ घेतली. "माझ्या उंबऱ्याच्या आत मका येईल तो कोंबडीच्या पोटातून," असं ती गावभर सांगायची. आम्ही हसायचो.

तिचा एकुलता मुलगा स्तेर्यो लाकडाच्या ओंडक्यांचा ट्रक चालवायचा. सून अन्थी खालच्या गावची, कमी बोलणारी, सगळं मनात ठेवणारी. त्यांची एकच मुलगी, हाइदो. कुरळ्या केसांची, बोलघेवडी. मला 'थोमेनाकाकू' म्हणायची आणि माझ्या नवऱ्याला नुसतंच 'थोमा', कारण तो तिला त्याच्या खेचरावर बसवायचा.

चौथं सरून पाचवं लागलं आणि हाइदोचं पोट फुगायला लागलं. जुलाब थांबेनात. हातपाय वाळत गेले, पोट तेवढं नगाऱ्यासारखं. तिला अंगणात न्हाऊ घालताना लाम्ब्रिनीने ते पोट पाहिलं आणि तांब्या तिच्या हातातून पडला. असं पोट तिने पूर्वी पाहिलं होतं. भूक, तिला वाटलं. दुसरं काय असणार? मग तिने नातीला खाऊ घालायला सुरुवात केली. सकाळी पीता, दुपारी पीता, मधल्या वेळी मध लावलेला पाव. पोरगी जितकी वाळे तितकी ही जास्त भरवे. बिचारीला काय माहीत, ती आगीत तेल ओततेय.

शेवटी अन्थीच पोरीला उचलून यानिना शहरातल्या इस्पितळात घेऊन गेली. लाम्ब्रिनी आणि मी सोबत होतो. तिथे एक तरुण डॉक्टरीण होती, बारीक आवाजाची. तिने तपासण्या केल्या आणि घरच्यांना समोर बसवून सांगितलं, की मुलीला गहू चालत नाही. गव्हात जो चिकटपणा असतो, तो हिच्या आतड्याला आतून सोलून काढतो. गहू नाही, जव नाही, राय नाही. कणभरसुद्धा नाही, आणि जन्मभर नाही. नाहीतर पोरगी हाताला लागणार नाही.

"मग ती खाणार काय?" लाम्ब्रिनीने विचारलं.

"भात. बटाटा. मका."

बसमधून परत येताना लाम्ब्रिनी खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "मकाच म्हणाली ना गं ती?" मी म्हटलं, हो. "बरं," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने मका उंबऱ्याच्या आत आणला. गोणी पाठीवर घेऊन, सगळ्या गावासमोरून. माझी सासू ओट्यावर बसलेली, ती कशाला संधी सोडते! "काय गं लाम्ब्रिनी, आज कोंबड्या टेबलावर जेवायला बसणार वाटतं?"

"हो तर! तूही ये. खुराड्यातली एक जागा रिकामी आहे."

त्यानंतर लाम्ब्रिनी जे शिकली, ते तिने कुणाला विचारून शिकलेलं नव्हतं. मक्याच्या पिठाला चिकटपणा नसतो. लाटायला जावं तर पोळी भुगा होऊन पाटावर पसरते. पहिल्या आठवड्यात तिने इतक्या शिव्या दिल्या की मी पोरांना आत बोलावून घेतलं. मग तिने पिठावर उकळतं पाणी ओतून उकड काढली. मग त्यात उकडलेला बटाटा कुस्करून घातला, अंड्याचा पांढरा बलक घातला, आणि दोन ओल्या फडक्यांच्या मध्ये तळहाताने थापत नेलं. अथेन्सहून औषधांच्या दुकानातून एक बिनगव्हाचं पांढरं पीठ मागवलं होतं, ते तिने चिमूटभर तोंडात टाकलं आणि थुंकलं. "खडू आहे. माझी नात काय फळा आहे?"

उन्हाळ्यात आम्ही सगळ्या आंबट दुधात भरडलेला गहू शिजवून वाळवतो, हिवाळ्यातल्या सूपासाठी. लाम्ब्रिनीने तो मक्याच्या भरडीचा केला आणि गच्चीवर आमच्या गव्हाच्या चादरींपासून लांब, वाऱ्याच्या उलट बाजूला वाळत घातला. नाताळातले बदामाचे साखरी लाडू तिने तांदळाच्या पिठाचे केले. ते इतके ठिसूळ झाले की चमच्याने खावे लागले. आणि नव्या वर्षाची पीता, जिच्यात नाणं लपवतात, सापडेल त्याचं वर्ष चांगलं, तीसुद्धा मक्याची. नाणं कुठे आहे हे सगळ्या घराला ठाऊक होतं. हाइदोला नाणं सापडलं तेव्हा स्तेर्योने असा काही आश्चर्याचा चेहरा केला की मला वाटलं, हा ट्रक सोडून नाटकात का जात नाही.

पीता कुरकुरत नव्हती, हे खरं. पण तिला चव होती. मी खाल्लीय. सासूनेही खाल्ली आणि तिला नावं ठेवायला काही सुचलं नाही, म्हणून "मीठ कमी" म्हणाली.

हाइदोच्या गालांवर जरा रंग आला. वसंतात ती पुन्हा खेचरावर बसली. आणि मग, कुठलंही कारण न दिसता, पुन्हा घसरली.

इस्पितळात नेली. तिथे आठवड्या-दोन आठवड्यांत सुधारली. घरी आणली, पुन्हा तेच. डॉक्टरीण म्हणाली, "तुमच्या घरात काहीतरी आहे. पोरीच्या पोटात कुठूनतरी गहू जातोय." अन्थीने त्या वेळी सासूकडे जी नजर टाकली, ती मी पाहिली. त्या नजरेत अजून दोष नव्हता, नुसता प्रश्न होता. पण लाम्ब्रिनीला ती झोंबली.

घरी येऊन अन्थीने लाकडी पाट उचलला. लाम्ब्रिनीच्या आजीच्या वेळचा पाट, शंभर वर्षांचं पीठ त्याच्या भेगांत बसलेलं. तो तिने सरळ दरीत फेकला. मागोमाग चाळणी, लाकडी परात आणि ते काडीसारखं लाटणं. लाम्ब्रिनी दारात उभी होती. अडवलं तर नाहीच, उलट आत जाऊन कणीक झाकायची फडकी घेऊन आली. "ही राहिली," म्हणाली.

मग संशय गेला गिरणीवर. एकाच दगडावर आधी गहू दळतात, मग मका. लाम्ब्रिनीने माळ्यावरून युद्धातलं जातं काढलं, ओढ्यावर नेऊन वाळूने घासलं आणि स्वतः दळायला लागली. तिच्या गुडघ्यांची वाट लागली होती, तरी दळायची. घरात गव्हाचा एक दाणा राहिला नाही. स्तेर्यो पाव खायचा तो ट्रकमध्ये बसून, आणि घरात शिरण्याआधी मिशा धुवायचा.

एकच अडचण उरली. चर्चचा पाव. आमच्याकडे बायका पाळीपाळीने रविवारचा पाव भाजतात, वर लाकडी शिक्का उमटवून. लाम्ब्रिनीची पाळी चुकली, असं कधी झालं नव्हतं. तेव्हा ती माझ्या घरी येऊन कणीक मळू लागली. माझंच पीठ, माझीच भट्टी. झालं की कोपरापर्यंत हात धुवायची, एप्रन माझ्याकडे ठेवायची, डोक्याचा रुमाल बदलायची, आणि मगच कुंपण ओलांडून घरी जायची. रविवारी तो पाव वेदीवर जायचा, पाद्रीबाबा त्यावर प्रार्थना म्हणायचे, आणि शेवटी त्याचे तुकडे प्रसाद म्हणून हातावर पडायचे. सगळ्यांसारखी लाम्ब्रिनीही ओंजळभर तुकडे घरी आणायची, वाळवायची, देवमातेच्या तसबिरीखाली वाटीत ठेवायची. रोज सकाळी, उपाशीपोटी, घोटभर तीर्थाबरोबर एकेक तुकडा घरातल्या प्रत्येकाला.

हे मी आत्ता एका दमात सांगितलं, म्हणून ऐकणाऱ्याला लगेच दिसतं. आम्हाला दिसलं नाही. लाम्ब्रिनीला नाही, अन्थीला नाही, मला नाही, पाद्रीबाबांना नाही. डॉक्टरीण विचारायची, "सकाळी उठल्यावर पहिलं काय खाते?" आणि लाम्ब्रिनी सांगायची, "दुधातली मक्याची पेज." ती खोटं बोलत नव्हती. प्रसाद खाण्याआधी घेतात. जे खाण्याआधी घेतात ते खाणं कसं असेल?

आणि पोरगी जशी घसरत गेली, तशी लाम्ब्रिनी प्रसाद दोनदा द्यायला लागली. सकाळी एक, दिवेलागणीला एक.

हिवाळा लागला तेव्हा हाइदोला तिसऱ्यांदा इस्पितळात न्यावं लागलं. या वेळी छातीही भरली होती. अन्थी तिच्याबरोबर होती; लाम्ब्रिनी आणि मी मागून बसने गेलो. तिच्या टोपलीत रानभाजीची मक्याची पीता होती, फडक्यात गुंडाळलेली, अजून कोमट. डॉक्टरणीने ती उघडून पाहिली, वास घेतला, कोपरा मोडून खाल्ला. म्हणाली, "काकू, मी इथल्या दुसऱ्या आयांना तुमचं उदाहरण देते. तुमच्याकडून चूक होत असेल असं मला वाटत नाही. मला समजतच नाहीये हे काय चाललंय."

लाम्ब्रिनीचा चेहरा त्या कौतुकाने उजळला. मला वाटतं, तिच्या आयुष्यात तिला आनंद झाला तो तेव्हा शेवटचा.

हाइदो उशीत रुतून पडली होती. डोळे तेवढे मोठे. आजीला पाहून हसली. "आजी, घरी कधी जायचं?"

"जायचं हं, राणी. आधी हे घे." लाम्ब्रिनीने छातीशी ठेवलेला रुमाल काढला, गाठ सोडली, स्वतःवर क्रूसाची खूण केली, पोरीवर केली, आणि वाळका तुकडा तिच्या जिभेवर ठेवला.

"काय दिलंत?" डॉक्टरणीने मागून विचारलं.

"काही नाही."

"काहीतरी दिलंत, काकू. मी पाहिलं."

"प्रसाद आहे. रविवारचा."

डॉक्टरणीने अगदी हळू विचारलं, "रोज देता?"

"रोज तर. बरं नाही म्हणून हल्ली दोनदा देते." आणि तिच्या तोंडाकडे पाहून लाम्ब्रिनी घाबरली. "का? काय झालं?"

"तो गव्हाचा असतो."

"असतो. आधी असतो. पण प्रार्थना झाल्यावर तो पाव राहत नाही, पोरी. तुला कुणी शिकवलं नाही का?"

"शिकवलंय. मीही घेते." डॉक्टरीण म्हणाली. "पण तिच्या आतड्याला ते कळत नाही."

पलीकडच्या खाटेवरचं मूल रडत होतं, कुणी उचलत नव्हतं. अन्थी भिंतीला टेकून उभी होती, ती होती तिथेच खाली बसली. आणि लाम्ब्रिनीने दोन बोटं नातीच्या तोंडात घातली, तो तुकडा बाहेर काढायला. पण हाइदोने दात घट्ट मिटले. डोकं नाही-नाही हलवलं. प्रसादाचा कण खाली पडू देऊ नये, थुंकू तर कधीच नये, हे आजीनेच तिला शिकवलं होतं. तिने तो गिळला आणि तोंड उघडून दाखवलं, बघ, संपवला.

ती त्याच आठवड्यात गेली. छातीने गेली, असं डॉक्टरीण म्हणाली. अंगात लढायला काही उरलंच नव्हतं. त्या एका तुकड्याने नाही, हेही तिने लाम्ब्रिनीचे हात धरून सांगितलं. लाम्ब्रिनीने विचारलं, "मग किती तुकड्यांनी?"

अन्थी सासूशी बोलायची थांबली. भांडली नाही, शिव्याशाप दिले नाहीत. दिले असते तर बरं झालं असतं. एकाच घरात दोघी, एक चूल, आणि शब्द नाही. स्तेर्यो ट्रक घेऊन जायचा तो दोन दोन दिवस यायचा नाही. पाद्रीबाबा एकदा येऊन बसले, म्हणाले, "लाम्ब्रिनी, मीही तिला रविवारी चमच्याने वाइनमध्ये भिजवलेला पाव भरवलाय." लाम्ब्रिनी म्हणाली, "तुम्ही आठवड्यातून एकदा भरवलंत, बाबा." आणि त्यांच्यापुढे कॉफी ठेवून ती परसात निघून गेली. ते कॉफी न पिता गेले.

पुढे ती पुष्कळ वर्षं जगली, पण सांगायचं आहे ते चाळिसाव्या दिवसाचं.

माणूस गेलं की चाळिसाव्या दिवशी आम्ही कोलिवा करतो. गहू उकडायचे, निथळून कोरडे करायचे, त्यात डाळिंब, बेदाणे, बदाम, वरून साखरेचा जाड पांढरा थर, त्यावर क्रूस. पाद्रीबाबा प्रार्थना म्हणतात, मग सगळे मूठभर खातात आणि म्हणतात, देव तिला क्षमा करो. सहा वर्षांच्या पोरीला कशाची क्षमा हवी असते, ते मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

मी लाम्ब्रिनीला म्हटलं, गहू मी उकडते, तू नको त्याला हात लावूस. ती म्हणाली, "तुझं तू ठेव, थोमेना."

कबरीपाशी थंडी मी म्हणत होती. लाम्ब्रिनी परात घेऊन आली, वर पांढरं कापड. कापड काढलं तेव्हा सगळं रीतीप्रमाणेच दिसलं, साखर, क्रूस, हाइदोच्या नावाचं अक्षर. फक्त कडेला, साखर जिथे पातळ होती, तिथे पिवळं दिसत होतं.

पाद्रीबाबा वाकले, बघितलं. "लाम्ब्रिनी, हा मका आहे."

"मकाच आहे."

"बाई, कोलिवा गव्हाचाच लागतो. गहू मातीत पुरला की उगवून वर येतो. त्याचीच तर ही खूण. ती कशी बदलणार?"

"मी मातीत काय पुरलंय ते मला माहीत आहे," लाम्ब्रिनी म्हणाली. "ते वर यायचं तेव्हा येईल. तोवर तिच्यासमोर गहू ठेवणार नाही मी. म्हणायची तर म्हणा प्रार्थना, नाहीतर आम्ही आपल्या आपण बसतो."

लोक पायांकडे बघत होते. माझ्या सासूने डोक्याचा रुमाल पुढे ओढला. पाद्रीबाबांनी पुस्तक उघडलं, पुन्हा मिटलं, मग पुस्तकाशिवायच म्हणायला लागले. मध्येच ते अडखळले, तेव्हा माझ्या थोमाने पुढची ओळ म्हटली. त्याला ती नीट येतही नव्हती.

प्रार्थना संपली. परात लाम्ब्रिनीच्याच हातात होती आणि कुणी पुढे होईना. तेव्हा भिंतीपाशी उभी असलेली अन्थी चालत आली. चाळीस दिवसांत पहिल्यांदा ती सासूच्या समोर उभी राहिली.

"यात गहू नाही?"

"नाही."

"भांडं?"

"नवं आहे. चमचा, चाळणी, सगळं नवं. जात्यावरही नाही गेलं, दाणे अख्खेच आहेत."

अन्थीने परातीत हात घातला. साखरेवरचा क्रूस मोडला. तिने मूठभर दाणे घेतले, स्वतःच्या तोंडात घातले नाहीत. खाली बसली आणि ते कबरीच्या डोक्याच्या बाजूला, मातीवर नीट ओळीने ठेवले, पोरीच्या ताटात वाढावेत तसे.

"खा गं बाई," म्हणाली. "याने काही होत नाही."

मग मान वर न करता सासूला म्हणाली, "आई, तुम्हीही द्या तिला."

लाम्ब्रिनीने परात माझ्या हातात दिली. ती गुडघ्यांवर बसली, हात पुढे केला. पण तो परातीपर्यंत काही गेला नाही.